कोकणातलं जुनं घर, पहिलाच वसंत: परसात आत्ता काय लावू?

पागोळी
नमस्कार मंडळी. ठाण्याहून आम्ही दापोली तालुक्यात सासऱ्यांच्या जुन्या घरी कायमचे राहायला आलो आहोत. डागडुजी झाली, शिमग्याची पालखी घरी येऊन गेली, आता परस हाती घ्यायचंय. जागा साधारण २० गुंठे, उताराची. तांबडी माती, वरच्या अंगाला कातळ. चार जुने हापूस, दोन काजू, विहिरीजवळ माडांची रांग. बाकी सगळं पडीक, रान माजलेलं.

विहिरीला सध्या पाणी बरं आहे, पण शेजारच्या काकी म्हणतात, मे महिन्यात तळ दिसतो. मला घरची भाजी हवी आहे, आणि आंबा, कोकम, फणस लावायचे आहेत. नर्सरीवाला म्हणतो, "कलमं आत्ताच न्या, पावसाळ्यात भाव चढतो." नेऊ का? आणि सुरुवात कुठून करू?

गडगा
कलमं आत्ता अजिबात आणू नका. मार्च ते मे त्यांना रोज पाणी द्यावं लागेल, आणि तुमची विहीर मे महिन्यात तळ दाखवते. भाव थोडा चढला तरी चालेल, कलम जगणं महत्त्वाचं. लावणी मिरगाचे एक-दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर.

आत्ता करायचं काम म्हणजे खड्डे. आंब्याला १ × १ × १ मीटर, काजूला ६० सेंमी पुरतो. खणताना वरची काळपट माती एका बाजूला, खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला टाका. खड्डे एप्रिल-मे भर उन्हात उघडे तापू द्या. मेच्या शेवटी वरची माती, पातेरा (वाळका पालापाचोळा), दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून भरा. जमिनीपेक्षा वीतभर उंच भरा, पहिल्या पावसात माती बसतेच. सपाट भरलात तर तिथे डबकं होतं आणि मूळ कुजतं.

हापूस १० मीटरवर लावायचा म्हणजे एका झाडाला जवळपास एक गुंठा. माझ्या मते तुम्ही नवीन पाच-सहाच लावा. कलमं दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतून घ्या. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, आणि जोडाखालून फुटलेला प्रत्येक फुटवा काढायचा, नाहीतर खालचं मूळचं रायवळ, म्हणजे कोयीचं झाडच वाढत बसेल. कोकमाचं "कोकण अमृता" कलम मागा. बियांच्या रोपांत नर झाडंही निघतात आणि ते फार उशिरा कळतं.

न्हाणीघर
भाजीपुरतं पाणी तुमच्या घरातच आहे, ताई. न्हाणीचं पाणी केळी, अळू आणि माडाकडे वळवा. भांडी-भाज्या धुतलेलं पाणी वाफ्यांना. साबण फार असेल ते पाणी मात्र पालेभाजीला नको.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून दोनच वाफे करा. लांब केलेत तर एप्रिलच्या उन्हात तिकडे बादली जाणार नाही. एकात लाल माठ. बी फार बारीक, मूठभर राखेत किंवा वाळूत मिसळून फेका, म्हणजे एका जागी दाटी होत नाही. महिन्याभरात पहिली जुडी ताटात येते. दुसऱ्यात भेंडी आणि झुडपी चवळी, तिची "कोकण सदाबहार" जात इकडे चांगली येते. वर वाळक्या गवताचं आच्छादन टाका, शिपणं निम्म्यावर येतं.

पडवळ, दोडकी, तवसं (मोठी काकडी), भोपळा यांची घाई नको. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आळी घालतात. तोवर मांडवाला बांबू जमवून ठेवा.

वानरसेनेचा शेजारी
भेंडीला जाळी लावल्याशिवाय बी टाकू नका. वानरं कळी सोडत नाहीत. हळद, आलं, अळू याला बऱ्यापैकी अभय आहे, मे अखेरीस लावा. सुरण डुकरं उकरतात, तो घराजवळच.

कातळसडा
लावणीच्या आधी एक काळजीची गोष्ट. पडीक जागेतले चिरे, दगड, जुनी कौलं हाताने उचलू नका. आमच्या भागात फुरसं हा विषारी साप असतो. हातभर लांबीचं, मातीच्याच रंगाचं, दगडाखाली गपचूप पडून असतं. दगड आधी पहारीने असा कलवायचा की खालची फट तुमच्या विरुद्ध बाजूला उघडेल, खाली बघायचं, मगच हात. गमबूट आणि जाड मोजे पहिल्या दिवसापासून. विषावरची लस जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळते ते आजच विचारून ठेवा. चावलं तर मांत्रिक नाही, पट्टी आवळणं नाही, सरळ गाडी काढायची.

दुसरं, वणवा. हद्दीला दहा फुटांची पट्टी गवत काढून स्वच्छ करा. आतला पातेरा मात्र जाळू नका, काकी कितीही म्हणाल्या तरी. ह्या उतारावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, उघडी माती थेट पऱ्ह्यात (ओढ्यात) जाते. पातेरा आणि उताराला आडवे दगडी बांध हेच तिला धरून ठेवतात. फक्त भिंतीला टेकून ढीग नको, विंचू-साप घरात येतात.

पागोळी
सगळ्यांचे मनापासून आभार! कलमांना नाही सांगितलं. खड्ड्यांसाठी गडी ठरलाय, वाफे मागच्या दाराशीच करते. माती तपासून घेऊ का? आणि जुन्या हापूसखाली बारक्या कैऱ्यांचा सडा पडतोय, त्याला काय करायचं?

गडगा
माती तपासाच. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून कडेची माती खरवडायची, एकत्र मिसळून अर्धा किलो द्यायची. झाडाखालची किंवा शेणाच्या ढिगाजवळची नको. आपली माती आम्लधर्मी, त्यामुळे अहवालात सामू (पीएच) आणि स्फुरद (फॉस्फरस) नीट बघा.

कैऱ्या काही प्रमाणात गळणारच, झाड पेलवतील तेवढ्याच ठेवतं. पाणी पुरत असेल तर कैरी वाटाण्याएवढी झाल्यापासून दर पंधरवड्याला झाडाला दीडशे-दोनशे लिटर द्या, बुंध्याशी नाही, फांद्यांच्या घेराखाली, आणि वर पातेरा. काढणीच्या महिनाभर आधी बंद. पण आधी विहिरीचा अंदाज घ्या: दोरीला दगड बांधून दर रविवारी पाणी मोजा, ओल्या खुणेवर गाठ मारा. गाठी झपाट्याने सरकू लागल्या तर पाणी माणसांना आणि माडांना, हापूसला यंदा नाही.

न्हाणीघर
आणि माठाचं बी विकत घेऊ नका, काकींकडे मागा. गावठी असेल त्यांच्याकडे.