‘साँग ऑफ सॉलोमन’मध्ये जीव कधी रमतो?

प्रश्न:
अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांची १९७७ सालची ‘साँग ऑफ सॉलोमन’ ही कादंबरी वाचायला घेतली आहे. परंतु पहिल्या भागाच्या मध्यावर येऊन अडकले आहे. मिशिगनमधल्या शहरातले हे कृष्णवर्णीय कुटुंब सुस्थितीत आहे, तरी घरात कोणाचे कोणाशी पटत नाही आणि नायक मिल्कमन कोणाचीच पर्वा करत नाही. वर्णद्वेषावरची कादंबरी म्हणून मी ती हाती घेतली, पण गोरी माणसे तर जवळपास दिसतच नाहीत. ज्यांनी ती पूर्ण वाचली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
गोरी माणसे दिसत नसली तरी त्यांची दहशत न्हाव्याच्या दुकानातल्या रेडिओवरून आत येतेच. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची गोऱ्यांनी हत्या केली, त्या बातमीवर माणसे तळमळून बोलत असतात, आणि मिल्कमनला मात्र बापाशी झालेल्या स्वतःच्या भांडणापलीकडे काही सुचत नाही. त्याचा राग येतो, आणि तो यावा अशीच लेखिकेची योजना असावी असे मला वाटते.

बाप मेकन डेड याचाही प्रसंग पुन्हा वाचून पाहा. मिल्कमनचा मित्र गिटार याची आजी भाड्यासाठी मुदत मागायला येते, घरात पोरांच्या पोटात घालायला काही नाही असे सांगते, तरी तो बधत नाही. अशा लोकांना सवलत दिली असती तर आपल्या खिशात एकही किल्ली उरली नसती, असा त्याचा हिशेब आहे. कारण तरुणपणी दोनच घरांच्या किल्ल्या खिशात होत्या म्हणून तर डॉक्टरांच्या मुलीला, म्हणजे मिल्कमनच्या आईला, मागणी घालण्याचे धाडस त्याला झाले होते. गोऱ्यांच्या जगात मालमत्तेखेरीज आधार नाही हे तो शिकला, आणि त्याची किंमत त्याच्याच रंगाच्या भाडेकरूंनी मोजली.

उत्तर २:
माझे मन मिल्कमनची बहीण कॉरिंथियन्स हिने वळवले. नामांकित महाविद्यालयात शिकलेली ही मुलगी एका कवयित्रीच्या घरी मोलकरणीचे काम करते आणि घरच्यांपासून ते लपवते. बापाचाच भाडेकरू असलेल्या पोर्टरवर तिचा जीव जडतो, परंतु त्याच्याबरोबर कोणी पाहील याची तिला लाजही वाटते. शेवटी तो निघून जाऊ लागतो तेव्हा ती त्याच्या गाडीच्या बॉनेटवर चढून काच बडवते, ते पान मी वाचले आणि तोवरचा सगळा कोरडेपणा विसरले. हे पहिल्या भागाच्या अखेरीस येते, म्हणून तिथपर्यंत तरी जावे.

उत्तर ३:
वरील दोन्ही मतांशी सहमत आहे, परंतु माझ्यासाठी कादंबरी खरी उघडली ती दुसऱ्या भागात, मिल्कमन व्हर्जिनियातल्या शालिमार गावी पोहोचतो तेव्हा. गाडी दुरुस्त झाली नाही तर दुसरी घेईन, असे तो सहज बोलून जातो, आणि दुकानात बसलेल्या गरीब पुरुषांचे चेहरे बदलतात. त्याने त्यांची नावेही विचारलेली नसतात. रंग एकच असूनही पैशाने पडलेले अंतर इतक्या थोड्या शब्दांत मांडलेले मी क्वचितच वाचले आहे. पुढे तीच गावची माणसे त्याला रात्री शिकारीला नेतात. अंधाऱ्या रानात बापाचा पैसा कामाला येत नाही, आणि तिथे प्रथमच तो इतरांशी आपण कसे वागलो याचा विचार करू लागतो. त्यानंतरचे काही सांगत नाही, ते आपणच वाचावे.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. किल्ल्यांचा प्रसंग मी घाईत ओलांडला होता. तिथूनच पुन्हा सुरुवात करते.