‘मिस’च्या उलट काय?

‘मिस’ या इंग्रजी क्रियापदाला विरुद्धार्थी शब्द कोणता, असं विचारलं की बहुतेक जण ‘हिट’ सांगून मोकळे होतात. बाण, गोळी, दगड यांच्यापुरतं ते अगदी बरोबर. सुटलेला बाण एक तर लागतो नाहीतर चुकतो. पण तोच ‘हिट’ ट्रेनला लावून बघा. ‘मिस्ड द ट्रेन’च्या उलट ‘हिट द ट्रेन’ म्हटलं तर थेट अपघाताचीच बातमी होते. तिथे ‘कॅच’च हवा.

म्हणून विरुद्धार्थी शब्द शोधण्याआधी क्रियापदाचं कर्म बघावं, असं माझं मत. लेक्चर मिस झालं तर उलट ‘अटेंड’. संधी मिस झाली तर ‘सीझ’ किंवा ‘ग्रॅब’. प्रुफं तपासताना एखादा स्वल्पविराम मिस झाला तर ‘नोटिस’ किंवा ‘स्पॉट’. पत्ता सांगताना ‘यू कान्ट मिस इट’ म्हणतात ते याच अर्थाने, की ती इमारत नजरेतून सुटायची नाही. (नावाआधी लागणारी ‘मिस’ निराळी. ती ‘मिस्ट्रेस’चं आखूड रूप आहे, या क्रियापदाशी तिचा संबंध नाही.)

‘हिट’ आणि ‘कॅच’ या जोड्यांची जातही एक नाही. बाण लागला नाही म्हणजे तो चुकलाच. गाडीचं तसं नसतं. ज्याला कुठे जायचंच नव्हतं, त्याने सकाळची गाडी ‘कॅच’ केली नाही हे खरं, पण म्हणून त्याने ती ‘मिस’ केली असं कुणी म्हणणार नाही. ‘मिस’ व्हायला आधी जायचं ठरलेलं असावं लागतं.

मराठीत आलं की कर्ताच बदलतो. इंग्रजीत माणूस गाडी मिस करतो. आपल्याकडे गाडीच चुकते, माणूस नामानिराळा. ‘माझी गाडी चुकली’ याच्या उलट सरळ ‘गाडी मिळाली’. ‘गाडी पकडली’ हेही आता रुळलंय, पण त्यात धावपळ आली. ‘मी गाडी चुकवली’ म्हटलं तर मात्र मुद्दाम केल्याचा वास येतो. तासाचंही तेच. ‘तास बुडाला’ हे नशीब, ‘तास बुडवला’ हा उद्योग. आणि दोन्हींच्या उलट ‘तासाला बसलो’.

मला सगळ्यांत नेमकी वाटते ती ‘हुकणे’ आणि ‘साधणे’ ही जोडी. नेम हुकतो, नेम साधतो. संधी हुकते, संधी साधतात. इंग्रजीला जिथे दोन शब्द लागतात तिथे आपलं एकात भागतं. अर्थात ही जोडीही सगळीकडे चालत नाही. फलंदाजाचं शतक हुकतं, पण त्याने शतक ‘साधलं’ असं कोण म्हणतं? ते झळकतं, नाहीतर ठोकलं जातं.

‘चुकणे’ तर याहून वस्ताद. गणित चुकलं तर उलट ‘बरोबर आलं’, वाट चुकली तर ‘सापडली’, आणि स्टेशनवर दोघांची चुकामूक झाली तर उलट ‘गाठ पडली’. ‘मरण कुणाला चुकलंय?’ यात तर चूक कुणाचीच नाही; तिथे ‘चुकणे’ म्हणजे टळणे. ‘चुकवणे’ म्हणजेही टाळणे, पण ‘चुकतं करणे’ म्हणजे पै न् पै फेडणे. त्यामुळे कर चुकवणारा आणि कर चुकता करणारा ही दोन टोकं झाली. त्यात हिंदीतलं ‘चुकाना’ फेडण्याच्या बाजूचं. हिंदीवरून घाईत मराठी करणाऱ्याने इथे जरा जपून, नाहीतर प्रामाणिक माणूस करबुडवा ठरायचा.

राहिला ‘आय मिस यू’. इथे इंग्रजीचेही हात टेकतात. ‘फरगेट’ सुचवणारे असतात, पण ते पटत नाही. एखादा माणूस नीट आठवत असतो, तरी त्याच्यावाचून आपलं काही अडत नाही. म्हणजे ‘फरगेट’ही नाही आणि ‘मिस’ही नाही. शेवटी ‘डोन्ट’ जोडण्यावाचून इलाज उरत नाही, आणि ‘आय डोन्ट मिस यू’ हे तोंडावर मारल्यासारखं वाटतं. शिवाय ‘आय मिस्ड यू ॲट द स्टेशन’ म्हणजे चुकामूक झाली की तू तिथे हवा होतास, हे वाक्यावरून कळत नाहीच.

मराठीत ‘आठवण येते’च्या उलट ‘विसर पडला’ म्हणता येईल, पण तो अर्थ पुन्हा ‘फरगेट’चाच. त्यापेक्षा ‘करमत नाही’ जवळचं. मुळात नकारातच वावरणारं हे क्रियापद. ‘नाही’ काढलं की विरुद्धार्थी तयार. ‘तिकडे करमतं का?’ या प्रश्नाला ‘हो, आता करमतं’ असं उत्तर देता येतं, आणि विचारणाऱ्यालाही ते लागत नाही.