खुब्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर तीन ठिकाणी बधिरपणा: कोणता सोडून द्यायचा, कोणता लगेच कळवायचा?

थेरपी_टेबल
पेशंट पुरुष, वय ३२. खुब्याच्या ऑपरेशनात कॅम (मांडीच्या हाडाच्या गोळ्याजवळचा जादा उंचवटा) घासून लॅब्रम (वाटीच्या कडेची कूर्चेची कड) शिवलेला, आज दुसरा दिवस. ट्रॅक्शन, म्हणजे पाय ओढून धरणं, ९५ मिनिटं अशी नोंद आहे. तक्रारी तीन: जननेंद्रियाला बधिरपणा, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा बधिर पट्टा आणि पावलाच्या वरच्या भागावर मुंग्या. ताकद वरवर ठीक वाटते. कुठली गोष्ट कशामुळे आणि सर्जनना आजच फोन कशासाठी करायचा? वजन किती टाकू द्यायचं, तेही सांगा.

सी_आर्म
तिन्हींची कारणं वेगळी आहेत, एकत्र बांधू नका.

दुर्बीण घालताना गुडघ्यात पाणी सोडलं की जागा होते, खुब्यात होत नाही. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत खोल बसलेला आणि लॅब्रमने हवाबंद केलेला. १९३१ साली न्यूयॉर्कच्या बर्मन यांनी मृतदेहांवर दुर्बीण घालून पाहिली, तेव्हा गोळा आणि वाटी यांच्या मधे सुई घालणं अशक्य असल्याचं लिहून ठेवलं होतं. आज पाय ओढून ८ ते १० मिलिमीटर फट पाडतात. त्यासाठी साधारण २५ ते ५० पौंडांचा जोर लागतो. आधी सुईने हवा आत सोडून ती हवाबंद पकड मोडली, तर कमी जोरात भागतं.

एवढं ओढताना पेशंट टेबलावरून खाली घसरू नये म्हणून दोन पायांच्या मधे खांब असतो. जननेंद्रियाची नस, म्हणजे पुडेंडल, त्या खांबाखाली हाडावर दाबली जाते. म्हणून खांब जाड हवा, भरपूर गादी हवी आणि तो ऑपरेशनच्या मांडीकडे सरकवलेला हवा, मधोमध नको. दोन तासांची मर्यादा सगळे पाळतात, त्यामुळे ९५ मिनिटं ऐकून दचकू नका. पण वेळ कमी म्हणजे जोरही कमी, असं नसतं. हा बधिरपणा बहुतेक वेळा काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत जातो. लघवी तुंबते का आणि ताठरतेत फरक पडलाय का, हे तुम्ही स्वतः विचारा. पेशंट लाजून सांगत नाहीत. लघवी तुंबत असेल तर आजच फोन.

मांडीचा पट्टा दुर्बिणीसाठी पाडलेल्या पुढच्या छिद्रामुळे. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेच्या नसेच्या फांद्या तिथून जातात आणि प्रत्येकाच्या वेगळ्या वाटेने. म्हणून चाकू फक्त कातडीपुरता चालवायचा, पुढचं काम बोथट हत्याराने. ही नस निव्वळ संवेदनेची आहे. गुडघा सरळ करायला ताकद कमी पडत असेल, तर या नसेचा दोष नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूला चालवणारी फेमोरल नस तपासा.

पाऊल: पाय ओढण्यासाठी घातलेल्या बुटाचे पट्टे घोट्याच्या पुढून आवळले जातात, त्याच्या मुंग्या. बूट काढल्यावर टाचेला आणि पावलाच्या वर फोड आलेत का ते बघा. अंगठा वर उचलता येत नसेल, तर मात्र कारण बुटात नाही, वर नसेत कुठेतरी आहे. तेही आजच कळवा.

भूल_आणि_भान
थोडी भर. नसेचा ब्लॉक (नसेजवळ भुलीचं इंजेक्शन) दिला असेल तर पहिल्या दिवशी मांडीचा स्नायू ढिला असतो, आणि पेशंट उभा राहता राहता गुडघ्यातून कोसळतो. आधी ब्लॉकची नोंद बघा, मगच ताकद मोजा.

दुसरी गोष्ट क्वचित घडते, पण जिवावर बेतू शकते. ऑपरेशनात सांध्यात सोडलेलं पंपाचं पाणी सोआस (कमरेतून खुब्यापुढे येणाऱ्या) स्नायूच्या आवरणातून पोटात चढतं. सोआसचा कंडरा कापला असेल किंवा वाटीला ताजं फ्रॅक्चर असेल, तर जास्तच. पूर्ण भुलीत शरीराचं तापमान अकारण घसरतं, पोट टणक होतं, फुप्फुसात हवा ढकलायला जास्त दाब लागतो, रक्तदाब उतरतो. मणक्याच्या भुलीत पेशंट स्वतःच पोट दुखतंय म्हणतो, आणि त्याला गुंगीचं औषध देऊन गप्प करणं ही घोडचूक. पंप लगेच थांबवा, ऊब द्या, कॅथेटर घालून मूत्राशयातला दाब मोजा. चादरीखाली हात घालून दर अर्ध्या तासाने पोट चाचपायला काहीच खर्च येत नाही. वॉर्डात आल्यावर पोट फुगून दुखू लागलं, तरी हेच आठवा.

कुबडी_ते_पायरी
वजनाचं सांगतो. सर्जनचा प्रोटोकॉल अंतिम, पण कॅम घासलेल्यांना साधारणपणे पाऊल सपाट टेकवून २० किलोपर्यंत वजन टाकू देतात. ‘थोडं टाका’ म्हणून कोणाला कळत नाही. घरचा वजनकाटा जमिनीवर ठेवा, कुबड्यांवर उभं करा, काटा २० वर येईपर्यंत पाय दाबायला लावा. चार-पाच वेळा केलं की अंदाज बसतो.

यामागचं कारण फीमरची, म्हणजे मांडीच्या हाडाची मान. मान आणि गोळा जुळतात तिथल्या पुढच्या-बाहेरच्या चतुर्थांशातलं ३० टक्क्यांपेक्षा जास्त हाड काढलं की ती कमी जोरात मोडते, असं मृतदेहांच्या हाडांवरच्या २००५ च्या प्रयोगात दिसलं. पहिल्या काही आठवड्यांत वजन टाकताना जांघेत अचानक नवी कळ आली, तर व्यायाम थांबवून एक्स-रे. ‘स्नायू आखडला असेल’ म्हणत चोळत बसू नका. हाडं ठिसूळ असलेल्यांत तर अजिबात नाही.

मांडी घालून बसणं सध्या बंद. पाय मागे नेऊन बाहेर वळवणं त्याहून वाईट, शिवलेल्या कॅप्सूलवर (सांध्याभोवतीच्या आवरणावर) सगळा ताण तिथेच येतो. उलट, पाय हातात धरून खुबा हलकेच गोल फिरवणं पहिल्या दिवसापासून करतात. नाहीतर लॅब्रम आणि कॅप्सूल एकमेकांना चिकटतात.

नेप्रोक्सेनसारखी गोळी लिहून दिली असेल, तर ती फक्त दुखण्यासाठी नसते. स्नायूत नको तिथे हाड बनू नये म्हणून ती दोन-तीन आठवडे देतात. दुखणं थांबलं की पेशंट ती परस्पर बंद करतात, हे सांगायला विसरू नका. किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर मात्र सर्जनना आधी विचारा.

थेरपी_टेबल
तपासलं. लघवी साफ होतेय, अंगठा वर येतो, गुडघा सरळ करायची ताकद पूर्ण. टाचेला छोटा फोड आहे. गोळी कालच बंद केली होती म्हणे! खांब नसलेल्या टेबलावर यातलं काही टळलं असतं का?

सी_आर्म
पुडेंडलचं टळलं असतं. तिथे डोकं ५ ते १५ अंश खाली करतात आणि पाठीखालच्या फोमच्या घर्षणावर पेशंट टिकतो. बूट तोच, ओढणंही तेच, त्यामुळे टाचेचा फोड आणि मुंग्या तरीही आल्या असत्या. गोळीचं सर्जनना आजच कळवा.