कॉलेजात बनवलेल्या मशीनची कंपनी कशी काढायची?

तासगावकर: आम्ही चौघांनी सरांबरोबर कॅमेऱ्यानं बेदाणा निवडायचं मशीन बनवलंय, बेदाण्याच्या शेडवर लावून बघितलं, काडी आणि काळा मणी यात अजून गंडतंय पण शेडमालकाला आवडलंय, आता कंपनी काढायची तर हक्क कुणाचा, आमचा का कॉलेजचा?

मिरजकर: लॅब, पैसा कॉलेजचा असंल तर बहुतेक पेटंट कॉलेजच्या नावावर राहतं, तुमच्या कंपनीला ते वापरायचं लायसन मिळतं. आयपी पॉलिसी, म्हणजे शोधाचा हक्क कुणाचा याचे कॉलेजचे नियम, मागून घ्या. आणि पेटंटचा अर्ज टाकल्याशिवाय संशोधनाचा पेपर छापू नका हो, एकदा जगजाहीर झालं की पेटंटला लागणारा नवेपणा संपला!

विटेकर: आयआयटी मुंबईचं 'साईन' इनक्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणारं केंद्र, बघा, ड्रोनवाली आयडियाफोर्ज तिथंच वाढली, 2023 ला शेअर बाजारात आली. शेडमालकाशीपण लेखी करा, मशीनला शिकवायला वापरलेले फोटो त्याच्या मालाचे आहेत.

तासगावकर: फोटोंचं डोक्यातच नव्हतं, उद्याच सरांना गाठतो.