चित्राआधी पोहोचणारे गीत

मालिकांची कथानके विसरली, तरी त्यांची शीर्षकगीते स्मरणात राहतात. कोकण किनाऱ्यावरील वाचकांनी ती आपल्या घरात, वाडीत कशी ऐकली, ते सविस्तर लिहावे, असे निमंत्रण आम्ही दिले होते. त्याला आलेली ही काही उत्तरे.

देवगड : चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेला आमच्या वाडीतील एकमेव टीव्ही संच पावसाळ्यात बहुधा मुंग्याच दाखवीत असे. मात्र 1988 साली सुरू झालेल्या ‘महाभारत’चा शंखनाद आणि पाठोपाठ महेंद्र कपूर यांचा खडा आवाज खळ्यापर्यंत स्वच्छ पोहोचत असे व गोठ्यातली माणसेही हात धुऊन ओटीवर येत. त्या काळच्या प्रक्षेपणात ध्वनी चित्राहून वेगळ्या, खरखर कमी पकडणाऱ्या एफएम पद्धतीने येत असल्यामुळे चित्र बिघडले, तरी आवाज बराच टिकून राहत असे, हे कारण मला पुढे कळले.

रत्नागिरी : आमचे आजोबा भिक्षुकी करीत. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’च्या आरंभी वनराज भाटिया यांनी ऋग्वेदातील नासदीय सूक्त समूहस्वरांत बांधले होते आणि त्यालाच जोडून वसंत देव यांनी केलेले त्याचे हिंदी रूपांतर येत असे. वेदपठणातले उदात्त-अनुदात्त हे चढ-उताराचे स्वर पाळलेले नाहीत, अशी आजोबांची तक्रार दर रविवारी ठरलेली असे. परंतु सूक्त संपेपर्यंत ते जागचे हलत नसत आणि मध्ये कोणी बोललेले त्यांना खपत नसे. मला विचाराल तर तक्रार रास्त होती, पण सृष्टीच्या आरंभाविषयीच्या त्या प्रश्नांना समूहाचा घनगंभीर आवाजच शोभत होता.

कुडाळ : आमच्या भजनमंडळात मी पखवाज वाजवतो. अशोक पत्की यांचे संगीत आणि देवकी पंडित यांचा स्वर लाभलेले ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत घरोघरी गेले, तेव्हा बुवांनी त्या चालीवर गजर बांधला. चाल एकट्या गळ्यासाठी रचलेली, संथ आणि लांब ओळींची असल्यामुळे लय वाढवताना कोरसची दमछाक होई आणि टाळ पुढे पळत. अखेरीस बुवांनी मुखडा तेवढा ठेवून अंतरा आपल्या पद्धतीने बसवला. डबलबारीत, म्हणजे दोन भजनमंडळांच्या सामन्यात, तो मुखडा निघाला, की मागे बसलेल्या बायका आपसूक गुणगुणू लागत. अशी दाद जुन्या चालींनाही क्वचितच मिळाली असेल.

सावंतवाडी : ‘रात्रीस खेळ चाले’ या भयमालिकेचे 2016 मधील चित्रीकरण जवळच्या आकेरी गावचे. दिवसा चित्रीकरणाच्या घरासमोरून बिनधास्त सायकल हाकणारा माझा भाचा रात्री शीर्षकसंगीत वाजताच आजीच्या पदराआड लपत असे.

गुहागर : माझी मुलगी मोबाइलवर मालिका लावते आणि शीर्षकगीत सर्रास पुढे ढकलते. सासूबाईंना ते पटत नाही, कारण स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना गीत सुरू झाले, की शेवटची भाकरी तव्यावर टाकून बाहेर येण्याइतका वेळ आहे, हा त्यांचा हिशोब असतो. आता त्या आतूनच विचारतात, “अगो, सुरू झाली काय?” तोवर पहिला प्रसंग उरकलेला असतो.