स्ट्रॅट-ओ-मॅटिक: ओहतानीचं कार्ड २०२१, २०२२ की २०२३ चं घ्यावं?

फासेबहाद्दर

मंडळी, न्यू जर्सीच्या आमच्या ऑफिसात फासे आणि खेळाडूंच्या कार्डांवर खेळायच्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक बेसबॉलची लीग सुरू होतेय. आठ संघ, प्रत्येकी ८१ सामने. २०२१ ते २०२३ या तीन हंगामांची कार्डं एकत्र, पण खेळाडू कोणत्या तरी एकाच हंगामाचा घ्यायचा. चिठ्ठीत पहिला नंबर माझा निघाला, म्हणजे बॅटिंग आणि पिचिंग (बेसबॉलची गोलंदाजी) दोन्ही करणारा शोहेई ओहतानी मीच उचलणार. वर्ष कुठलं ते ठरेना.

२०२१: ४६ होमरन, २६ चोरलेले बेस, पिचर म्हणून ९-२ (जिंकले-हरले), ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) ३.१८.
२०२२: ३४ होमरन, पण १५-९, २.३३ आणि २१९ स्ट्राइकआउट.
२०२३: .३०४ सरासरी, ४४ होमरन, १०-५, ३.१४.

क्रिकेटवर वाढलेला माणूस मी, ऑलराउंडर दिसला की भान राहत नाही. बॅटिंगचं कार्ड आणि पिचिंगचं कार्ड अशी दोन्ही किंमत मिळवून जास्त भरेल ते वर्ष घ्यायचं, असं डोक्यात आहे. बरोबर आहे का?

नाना_सिएटल

बेरीज करू नका. त्याआधी तुमच्या कमिशनरला गाठा आणि नियम लेखी घ्या. या माणसाचं मोल कार्डावर जेवढं छापलंय तेवढंच लीगच्या नियमात आहे.

पहिलं म्हणजे वापराची मर्यादा. २०२३ ला त्याने २३ सामन्यांत सुरुवात केली आणि १३२ इनिंग टाकल्या, कारण त्याचा तेव्हाचा संघ एंजल्स त्याला साधारण आठवड्यातून एकदा पिचिंग देत. स्ट्रॅटच्या नेहमीच्या विश्रांतीच्या नियमाने मात्र स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) दर पाचव्या दिवशी येतो. मर्यादा नसेल तर ८१ सामन्यांत तो १६ वेळा पिचिंग करेल. खऱ्या प्रमाणात धरलं तर ११-१२ वेळा. एवढ्या फरकात अख्खा निकाल फिरतो.

दुसरं, डीएच, म्हणजे पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा. २०२२ पासून मोठ्या लीगमध्ये नियम आहे की स्टार्टर स्वतःचाच डीएच असेल तर पिचिंगवरून काढल्यावरही त्याची बॅटिंग चालू राहते. २०२१ ला ही सोय नव्हती. त्याला पिचिंगच्या दिवशी बॅटिंग द्यायची तर एंजल्सना डीएच सोडावा लागे, आणि पिचिंग संपली की तो आउटफिल्डमध्ये तरी जायचा, नाहीतर सामन्यातून बाहेर. २०२१ चं कार्ड तुम्ही कुठल्या वर्षाच्या नियमाने खेळणार, हे विचारून घ्या.

तिसरं, संघात जागा एक धरणार की दोन? खऱ्या लीगमध्ये २६ जणांत जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात, आणि दुहेरी खेळाडू म्हणून नोंद असलेला त्या १३ मध्ये मोजत नाहीत. एकच जागा धरली तर तुम्हाला एक जास्तीचा रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर) फुकट मिळतो. यावर लोकांचं लक्षच नसतं.

चकली_नको_चिवडा

बेसबॉल आणि फासे? म्हणजे सापशिडीच की!

नाना_सिएटल

शिडी नाही, साप भरपूर. हॅल रिचमन यांनी १९६१ ला हा खेळ बाजारात आणला, तेव्हापासून लोक रात्री जागवतायत. तीन फासे टाकायचे. पांढरा १ ते ३ आला तर बॅटरच्या कार्डाचा तो रकाना, ४ ते ६ आला तर पिचरच्या कार्डाचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यात बघायची. झालं.

गणितमास्तर

याच रचनेतून उत्तर निघतं. एका कार्डात तीन रकाने, प्रत्येकात ३६ शक्यता, म्हणजे १०८. बेरीज ७ असेल तर ६ शक्यता, ६ किंवा ८ ला ५-५, २ किंवा १२ ला एकेकच. कार्ड हातात आलं की बेसवर पोचवणाऱ्या ओळींचे हे आकडे मिळवायचे. ८ समोरचा होमरन आणि १२ समोरचा होमरन दिसायला सारखे, पण पहिला पाचपट वेळा येतो.

अर्धे निकाल समोरच्याच्या कार्डावरून येतात, म्हणून चांगल्या बॅटरचं कार्ड त्याच्या खऱ्या आकड्यांहून जास्त श्रीमंत असावं लागतं. ढोबळ सूत्र: दुप्पट खेळाडूचा आकडा, वजा लीगची सरासरी. ओहतानीचा ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) २०२३ ला .४१२, लीगचा .३२०. .८२४ मधून .३२० गेले, .५०४ उरले, म्हणजे १०८ पैकी सुमारे ५४. हेच २०२१ ला (.३७२) ४६ आणि २०२२ ला (.३५६) ४३ येतं. होमरनच्या शक्यता २०२१ आणि २०२३ ला बाराच्या आसपास, २०२२ ला आठ.

पिचिंगला उलटं वाचायचं, कमी तेवढं बरं. २०२२ ला साधारण २२, बाकी दोन्ही वर्षांना २७. छापील कार्डात समोरचा डावा की उजवा यामुळे आणि क्षेत्ररक्षणाच्या ओळींमुळे हे थोडं हलतं, पण दिशा हीच राहते.

आता बघा. बॅटिंगमध्ये २०२३ आणि २०२२ यांत ११ शक्यतांचं अंतर, पिचिंगमध्ये ५ चं. पूर्ण हंगामात त्याच्या बॅटिंग कार्डावर जवळजवळ ३०० वेळा फासे पडतात. म्हणजे ३० वेळा जास्त बेसवर, होमरन वेगळे. पिचिंगमध्ये २०२२ वाला वाचवतो १४-१५ बेसरनर. तुमच्या हंगामात दोन्ही निम्मं. २०२३ घ्या.

डावखुरा_डोंबिवली

मास्तर, ३४ इनिंग कुठे गेल्या? २०२२ ला १६६ इनिंग आहेत. २०२३ चा घेतलात तर त्या ३४ इनिंग कुणातरी पाचव्या नंबरच्या पिचरला टाकाव्या लागणार. आठच संघ आहेत म्हणून पाचवा पिचरही बरा मिळेल हे मान्य, तरी २.३३ वाला तो नव्हे. शिवाय प्लेऑफला इनिंगची मर्यादा बहुतेक लीग काढून टाकतात. सातच्या मालिकेत २०२२ चं पिचिंग कार्ड दोनदा काढता आलं तर समोरच्याची झोप उडेल.

गणितमास्तर

त्या ३४ इनिंगचे फार तर सात-आठ रन, सरासरी पिचर धरला तरी. बॅटिंगचं अंतर याच्या कितीतरी वर जातं. प्लेऑफचा मुद्दा मात्र खरा.

नाना_सिएटल

एक बघायचं राहिलं. पिचिंग कार्डावर एस (म्हणजे स्टार्टर) च्या पुढचा आकडा. पिचर कधी दमणार ते त्यावर ठरतं, आणि तो दमला की टिंब असलेले निकाल सिंगल होतात. इनिंगची मर्यादा असेल तर सहाव्याला काढा, बॅटिंग डीएच म्हणून चालूच राहील. बाकीच्या पिचरना काढताना जीव खालीवर होतो तसा इथे होत नाही.

जुनापुराणा

कधी जुनी कार्डं खेळलात तर १९१९ चा बेब रूथ बघा. २९ होमरन, .३२२, आणि पिचर म्हणून १३३ इनिंग. पण बहुतेक दिवस तो लेफ्ट फील्डला उभा राहायचा, त्यामुळे डीएचची जागा मोकळी. ओहतानी ती जागा रोज अडवतो, ही त्याला घेण्याची खरी किंमत, आणि वर कुणी ती वजा केलेली नाही.

फासेबहाद्दर

कमिशनरचं उत्तर आलं: इनिंग आणि बॅटिंग खऱ्याच्या निम्म्या, तिन्ही वर्षांना २०२२ चाच डीएच नियम, संघात जागा एकच. प्लेऑफला मर्यादा नाही. डावखुऱ्यांचा मुद्दा मोहात पाडतोय, पण तिथवर पोचायला रन लागणार, म्हणून २०२३.

जुनापुराणा म्हणतात ते ऐकून यादीतून २०२३ चा जे. डी. मार्टिनेझ खोडला. ३३ होमरन असले तरी तो जवळपास फक्त डीएचच आहे. २०२३ चा काइल श्वार्बर घेऊ का? ४७ होमरन आहेत.

गणितमास्तर

घ्या, लेफ्ट फील्डला लपवा. पिचरच्या १०८ शक्यतांपैकी लेफ्ट फील्डरच्या हाताची परीक्षा घेणाऱ्या दोनच असतात. शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) सात. तिथे मात्र बॅटिंगकडे न बघता हात चांगला असलेला घ्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच घ्या. आठ संघांत तसे शॉर्टस्टॉप पटकन संपतात.