सल्ला हवा: स्विफ्ट डिझेलला कुठलं इंजिन बसवू?

कुडाळकर_०७: २०१२ ची स्विफ्ट, १२४८ सीसी, ७५ पीएस. ऑइल बदलायला उशीर केला, टर्बो आणि बेअरिंग दोन्ही गेली. चूक माझीच. बजेट ७० हजार, मजुरीसकट. तेच इंजिन सेकंडहँड घेऊ की एर्टिगाचं ९० पीएसवालं व्हीजीटी (बदलत्या पात्यांच्या टर्बोचं इंजिन)? करूळ घाटात नेहमी जाणं असतं.

आंबाघाट: व्हीजीटीच. स्विफ्टचा १९० एनएम टॉर्क २००० आरपीएमला मिळतो, एर्टिगाचा २०० एनएम १७५० लाच. चढावरच्या वळणाला फरक कळतो. लाखभर धर.

मालवणी_पाना: मेल्या, तो ७० सांगता, तू लाख धरतंस! व्हीजीटी म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. मॅनिफोल्ड, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), पाईप, वायरिंग आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), इमोबिलायझर (चावी ओळखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप), चावी हा अख्खा संच एकाच गाडीचा हवा. चावी जुळली नाही तर स्टार्टर फिरत राहील, इंजिन पेटणार नाही.

सुरमईफ्राय: पेट्रोल इंजिन टाक, कटकट मिटली.

मालवणी_पाना: टाकी, वायरिंग, आरसी सगळं बदलून? मिटली म्हणे!

खाडीकाठ: स्वतःच्याच इंजिनचा ब्लॉक दुरुस्त करून बनव. कोल्हापूरला उद्यमनगरात काम होतं. फक्त क्रँक घासायला देण्याआधी त्या मापाचे शेल (बेअरिंगच्या पट्ट्या) हातात घे, नाहीतर क्रँक तयार आणि शेल नाहीत.

आंबाघाट: बनवायचंच तर व्हीजीटी बनव.

टॉर्करेंच_०८: सेकंडहँड घेणार असशील तर सम्प (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उघडल्याशिवाय पैसे देऊ नकोस. तळाला गाळ किंवा बेअरिंगच्या बाजूला गंज दिसला तर इंजिन पुरातलं. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात किती गाड्या बुडाल्या ते ठाऊक आहेच. ऑइल कॅपखाली सायीसारखा थर असेल तर पाणी मिसळलंय. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घे. आकड्यापेक्षा एखादा सिलिंडर इतरांपेक्षा खाली आहे का ते बघ. टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलला तर चालतं, पुढेमागे खेळता कामा नये.

आणि मुख्य म्हणजे जुना इंटरकूलर आणि पाईप धुतल्याशिवाय जोडू नकोस. फुटलेल्या टर्बोचं ऑइल आत साचलेलं असतं. डिझेल इंजिन ते ओढून घेतं, मग चावी काढली तरी रेस वाढतच जाते.

खाडीकाठ: टर्बोचा ऑइल पाईप नवाच. आत कार्बन धरतो, फुंकून निघत नाही.

सुरमईफ्राय: ऑइल पाईप नवा घे.

खाडीकाठ: तेच लिहिलंय वर.

टॉर्करेंच_०८: इंजिन खाली उतरवलेलं आहे तोवर टायमिंग चेन, टेन्शनर, मागचं क्रँक सील आणि क्लच प्लेट उरकून घे. एसीचे पाईप उघडू नका, कॉम्प्रेसर तसाच बाजूला टांगा. सबफ्रेमचे बोल्ट खाऱ्या हवेने धरलेले असतील, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. पहिल्यांदा स्टार्ट करताना इंजेक्टरचे कनेक्टर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसतं फिरवा.

आरसीवाला: आरटीओची मंजुरी आधी घे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. इंजिनचं बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिचे कागद लागतील. इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही तर विम्याच्या क्लेमच्या वेळी रडशील.

कुडाळकर_०७: सगळ्यांचे आभार. मागून ठोकलेल्या स्विफ्टचं ७५ पीएसवालंच मिळतंय, कागदांसकट. सम्प उघडून बघितला, स्वच्छ आहे. तेच घेतोय.

आंबाघाट: व्हीजीटी सोडून? घाटात आठवण येईल.

कुडाळकर_०७: येऊ दे. चेन किट कुडाळ-कणकवलीत कुठे मिळेल?